साध्या कॅमेऱ्यातून सिनेमा: प्रसंग कॅमेऱ्याच्या आवाक्यात आणायची पद्धत

साताऱ्याजवळ आत्याच्या घरी माजघराला एकच खिडकी आहे, पश्चिमेची. दुपारी चारनंतर तिच्यातून ऊन आत येतं आणि आत्या तिथेच सूप घेऊन तांदूळ निवडायला बसते. हे मी पहिल्यांदा मोबाइलवर, सगळं ऑटोवर ठेवून टिपलं. खिडकी पांढरीफटक, आत्याचा चेहरा करडा, मागच्या काळोखात नुसती खरखर. दुसऱ्या दिवशी तोच मोबाइल, तीच खिडकी, तीच आत्या. या वेळी ते पाहून घरातल्यांनी विचारलं, कॅमेरा कुणाचा आणलास? मधल्या वेळात मी मुख्यतः तीनच गोष्टी केल्या होत्या. खिडकीबाहेर मांजरपाट ताणला, आत्याच्या एका बाजूला घोंगडी टांगली आणि मोबाइलमधलं ऑटो नावाचं जे जे होतं ते बंद केलं.

स्वस्त आणि महाग कॅमेऱ्यातला खरा फरक आवाक्याचा आहे. भर उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो आणि घरात दिवसा शंभर-दोनशे. म्हणजे जवळजवळ हजारपट, छायाचित्रणाच्या भाषेत दहा स्टॉपचं अंतर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). अ‍ॅरी अलेक्सासारख्या सिनेमाच्या कॅमेऱ्याला चौदाच्या आसपास स्टॉप झेपतात, त्यामुळे खिडकीबाहेरचं झाड आणि आतला चेहरा दोन्ही त्यात मावतात. आपल्या कॅमेऱ्यात ते मावत नाहीत, आणि न मावलेलं नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही. तेव्हा कॅमेऱ्याचा आवाका वाढवायच्या मागे न लागता प्रसंगच त्याच्या आवाक्यात आणायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका कामासाठी आहेत.

ही युक्ती नवी नाही. मूकपटांच्या काळातल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, लाल वस्तू काळी यायची. त्या लोकांनी चांगली फिल्म येईपर्यंत वाट पाहिली नाही. रंगभूषा बदलली, कपड्यांचे रंग बदलले, ऊन मऊ करायला वर पातळ कापड ताणलं. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी तर कॅमेराच स्वतः घडवला. आपल्या खिशात आज जे आहे ते त्यांना मिळतं तर त्यांनी काय केलं असतं, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

कॅमेरा: आहे तोच घ्या, पण चार गोष्टी तपासा

कॅमेरा निवडण्यात लोक महिनेच्या महिने घालवतात. मी इथे फार थांबणार नाही. शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते), आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाचा समतोल) हाताने ठरवून कुलूपबंद करता आले पाहिजेत, सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेमवर चित्रीकरण झालं पाहिजे, फोकस जागेवर अडकवता आला पाहिजे. बाहेरचा माइक जोडता आला तर उत्तम. मोबाइलच्या स्वतःच्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये हे बहुतेकदा नसतं, म्हणून ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अ‍ॅप टाका. ते फुकट आहे, आयफोनवर २०२३ मध्ये आलं आणि नंतर अँड्रॉइडवरही. मात्र सगळ्या अँड्रॉइड मोबाइलवर ते चालत नाही, आपल्यावर चालतं का ते आधी पाहा. असं अ‍ॅप वापरायचा आणखी एक फायदा म्हणजे फ्रेमरेट स्थिर राहतो. मोबाइल एरवी फ्रेमरेट स्वतःच खालीवर करतो आणि मग संकलनात आवाज ओठांच्या मागेपुढे सरकत जातो.

जुना डीएसएलआर किंवा मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, सेकंडहँड मिळत असेल तर जरूर घ्या. २००२ मध्ये पॅनासोनिकच्या डीव्हीएक्स१०० ने २४ फ्रेम सामान्य माणसाच्या हातात आणल्या, २००८ मध्ये कॅननच्या फाइव्ह डी मार्क टू ने मोठा सेन्सर आणला, आणि २०१५ मध्ये आयफोन ५एस वर चित्रित झालेला अमेरिकन चित्रपट थिएटरात लागला. या तिघांपेक्षा आजचा मधल्या किमतीचा मोबाइल किंवा दहा वर्षांपूर्वीचा मिररलेस अनेक बाबतींत सरस आहे. लेन्स मात्र विकत घ्यायच्या आधी एक दिवस भाड्याने आणून पाहा. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हाताने फिरवायच्या जुन्या लेन्सही सापडतात. घेताना लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचं जाळं नाही ना हे पाहा. आपल्या पावसाळी हवेत ती फार लवकर धरते.

फ्रेमरेट आणि शटर: सिनेमाची चाल इथे ठरते

बोलपट आले तेव्हा, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, सेकंदाला २४ फ्रेम हा वेग पक्का झाला. शंभर वर्षं आपले डोळे त्या वेगाला सरावले आहेत. मोबाइल एरवी ३० किंवा ६० फ्रेमवर चालतो आणि त्यात शटर फार वेगवान ठेवतो, त्यामुळे हलणारा हात प्रत्येक फ्रेममध्ये चाकूने कापल्यासारखा कडक दिसतो. बातम्यांचं चित्रण असं दिसतं. सिनेमात हलणारा हात किंचित धूसर दिसतो.

त्यासाठी नियम एकच: शटर फ्रेमरेटच्या दुप्पट. २५ फ्रेमला १/५० सेकंद, संथ गतीसाठी ५० फ्रेम घेतल्या तर १/१००.

भारतात २४ ऐवजी २५ घ्या असं मी सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. १/५० किंवा १/१०० या शटरमध्ये हे पूर्ण फेरे बसतात आणि लुकलुक दिसत नाही. ३० फ्रेम आणि १/६० वर ते बसत नाहीत, मग चित्रावरून काळसर पट्टे सरकत राहतात. माझ्या पहिल्या लघुपटातला एक अख्खा रात्रीचा प्रसंग असाच गेला. किराणा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली आम्ही पाच तास काम केलं, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर काहीच कळलं नाही, आणि घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तर प्रत्येक शॉटमध्ये पट्टे. दुकानदाराने दुसऱ्यांदा रात्र दिली म्हणून निभावलं. तेव्हापासून कुठल्याही दिव्याखाली मी आधी दहा सेकंद टिपतो आणि मोठं करून पाहतो. फारच संथ गती, म्हणजे १०० किंवा १२० फ्रेम, घ्यायची तर सूर्यप्रकाशात घ्या. घरातल्या दिव्यांखाली ती जवळजवळ नेहमी लुकलुकते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी हे गणित उलटं करावं. तिथे वीज ६० हर्ट्झची, म्हणून २४ फ्रेम आणि १/६०.

उन्हात एनडी फिल्टर

आता अडचण येते. शटर १/५० ला बांधलं की उन्हात चित्र पार जळून जातं. बहुतेक मोबाइलच्या लेन्सचं छिद्र लहान करता येत नाही, ते एफ १.८ च्या आसपास कायमचं ठरलेलं (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं). म्हणून लेन्सला काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर, लावावाच लागतो.

कितीचा? हे तोंडी हिशेबाने निघतं. भर उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/१०० असेल तर एफ १६ वर प्रकाश बरोबर येतो, हा फिल्मच्या काळापासूनचा नियम. आपलं छिद्र एफ १.८, म्हणजे सहा स्टॉपहून थोडं जास्त उघडं. शटर १/५०, आणखी एक स्टॉप. मोबाइलचा आयएसओ ५० पर्यंत उतरतो, एक स्टॉप परत. म्हणजे सहा स्टॉप कापायचे, आणि सहा स्टॉप म्हणजे एनडी ६४. मिररलेसवर एफ ४ आणि आयएसओ १०० असेल तर पाच स्टॉप, एनडी ३२. फिरवून गडद करता येणारा फिल्टर सोयीचा असतो, पण स्वस्तातला शेवटपर्यंत फिरवला की आकाशात काळी फुली उमटते. मधल्या पट्ट्यातच ठेवा.

फिल्टर नाही? मग सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर, किंवा सावलीत काम करा. जून ते सप्टेंबरचं ढगाळ आकाश तर फुकटात मिळालेला भलामोठा मऊ दिवा आहे. उन्हाळ्यातल्या बाराच्या उन्हात माणसांच्या डोळ्यांत काळे खड्डे पडतात. तिथे आणखी महाग कॅमेरा आणलात तरी खड्डेच टिपणार.

ऑटो बंद करून काय ठरवायचं

व्हाइट बॅलन्स आकड्याने बांधा. उन्हात ५६०० केल्व्हिन, पिवळ्या बल्बखाली ३००० च्या आसपास, आपल्या घरातल्या पांढऱ्या एलईडीखाली ६५००. एका प्रसंगातल्या सगळ्या शॉटना तोच आकडा. ऑटोवर ठेवलं तर लाल साडीतली बाई फ्रेममध्ये शिरताच भिंतीचा रंग बदलतो, आणि प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं हे सांगता आलं नाही तरी खटकतं.

पिक्चर प्रोफाइलमध्ये शार्पनेस अगदी तळाला न्या, कॉन्ट्रास्ट एक-दोन घरं खाली. व्हिडिओपणाची सगळ्यात मोठी खूण म्हणजे हा यंत्राने चढवलेला कडकपणा. केसांच्या आणि पानांच्या कडांना पांढरी रेघ दिसते ती यामुळे. तुमच्याकडे लॉग प्रोफाइल (नंतर रंग चढवता यावा म्हणून मुद्दाम फिकट टिपणारं) असेल आणि कॅमेरा ८ बिट टिपत असेल तर मोह आवरा. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, १० बिटमध्ये १०२४. लॉगचं फिकट चित्र नंतर ताणायला २५६ पुरत नाहीत आणि संध्याकाळच्या आकाशात पायऱ्या पडतात. ८ बिटवाल्यांनी नैसर्गिक प्रोफाइल घ्यावं आणि रंग शक्य तितका जागेवरच बरोबर करावा.

उजेड ठरवताना खिडकी, दिवा, पांढरा सदरा यांच्यावर लक्ष ठेवा. झेब्रा, म्हणजे जळणाऱ्या भागावर तिरक्या रेघा दाखवणारी सोय, असेल तर चालू करा. ज्या भागावर रेघा दिसतात तो हातचा गेला. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र एक सांगायचंय. चेहरा उजेडाच्या पट्टीवर (० काळा, १०० पांढरा) ७० टक्क्यांवर ठेवा हा सल्ला गोऱ्या त्वचेसाठी तयार झालेला आहे. सावळ्या माणसाला तिथे नेलं की तो पीठ लावल्यासारखा दिसतो. आपल्याकडच्या बहुतेक चेहऱ्यांना ४५ ते ६० च्या मध्ये कुठेतरी खरा रंग मिळतो. सावळ्या त्वचेला जास्त उजेड देण्यापेक्षा मोठा मऊ उजेड बाजूने द्या, म्हणजे गालाच्या हाडावर त्याची झळाळी उमटते. चेहऱ्याला किंचित खोबरेल तेल लावलं तर ती आणखी खुलते. आपल्या माणसांचे चेहरे त्यांच्याच रंगात सुंदर दिसले पाहिजेत, यासाठी मी एरवीपेक्षा जास्त वेळ देतो.

प्रकाश: इथे वेळ घालवा

एकूण वेळेतला निम्मा वेळ इथे गेला तरी हरकत नाही. आत्याचा तो प्रसंग टप्प्याटप्प्याने सांगतो, कारण बहुतेक घरांत हाच साचा चालतो.

आधी खोलीतले सगळे दिवे बंद. ट्यूबलाइट वरून सगळीकडे सारखाच उजेड टाकते आणि चेहरा सपाट करते. शिवाय तिचा निळसर रंग खिडकीच्या उन्हात मिसळला की त्वचा आजारी दिसते. दिवे बंद केल्यावर घरचे म्हणतात, अंधार झाला. दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात आणि खिडकीचा उजेड कुठून येऊन कुठे संपतो ते दिसू लागतं.

मग खिडकी. तिच्यातून ऊन थेट आत येत होतं आणि आत्याच्या पदरावर जळका पांढरा तुकडा पडत होता. बाहेरच्या बाजूने गजांना मांजरपाट बांधला, एकपदरी. आता अख्खी खिडकीच दिवा झाली: ऊन मऊ झालं, तीव्रता दोन-तीन स्टॉपने उतरली, बाहेरचं जळकं अंगण झाकलं गेलं. चित्रपटाच्या सेटवर यासाठी चौकटीला ताणलेलं डिफ्यूजन कापड लावतात. आपल्याला कापडाच्या दुकानातला मांजरपाट किंवा स्टेशनरीतला बटर पेपर पुरतो. कापड धुऊन, खळ काढून घ्या; नव्या मांजरपाटाचा रंग पिवळट असतो.

उजेडाचा मऊपणा दिव्याच्या आकारावर आणि अंतरावर ठरतो. मोठा आणि जवळचा असेल तर मऊ, लहान आणि लांबचा असेल तर कडक. म्हणून आत्याला भिंतीपासून उठवून खिडकीपासून दोन हातांवर बसवलं. यात दुसरा फायदा होता. अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथाईवर येतो, म्हणजे खिडकीजवळच्या चेहऱ्यावर भरपूर उजेड आणि आठ हात लांबच्या मागच्या भिंतीवर आपोआप काळोख. माणसाला भिंतीला चिकटवून टिपायचं नाही, याचं निम्मं कारण हे आहे.

कॅमेरा कुठे ठेवायचा? बहुतेक जण खिडकीला पाठ करून उभे राहतात, कारण तिथून सगळं स्वच्छ दिसतं. तसं करू नका. चेहऱ्याची सावलीची बाजू कॅमेऱ्याकडे आली पाहिजे. आत्या खिडकीकडे अर्धी वळलेली, मी तिच्या खिडकीपासून लांबच्या खांद्याच्या बाजूला. आता तिच्या नाकाच्या पलीकडचा गाल उजळ आणि माझ्याकडचा गाल सावलीत. चेहऱ्याला गोलाई आली ती इथे.

सावलीचा गाल किती काळा ठेवायचा हा तुमचा निर्णय, आणि प्रसंगाचा सूर त्यावर ठरतो. पांढऱ्या भिंतींचं घर असेल तर उजेड सगळीकडून परत उसळतो आणि सावली धुऊन जाते. म्हणून मी आत्याच्या सावलीच्या बाजूला, फ्रेमच्या जरा बाहेर, दोरीवर काळी घोंगडी टांगली. तिने उसळणारा उजेड गिळला. नवशिके बाउन्स, म्हणजे पांढऱ्या वस्तूवरून उजेड उसळवणं, शिकतात, उजेड काढून घ्यायचं कुणी त्यांना सांगत नाही. आपल्या चुनखडीच्या पांढऱ्या खोल्यांत बाउन्सपेक्षा घोंगडीच जास्त वेळा लागते. उलट सावली फार खोल झाली असेल तर पांढरा सनबोर्ड किंवा चादर त्या बाजूला धरा आणि हळूहळू मागे न्या. दोन बाजूंत दोन स्टॉपचा फरक, म्हणजे उजळ बाजू चौपट, हे घरगुती प्रसंगासाठी चांगलं माप. मोबाइलवरच्या लक्समीटर अ‍ॅपने दोन्ही गालांजवळ मोजून पाहा. आकडा अचूक नसला तरी पट बरोबर कळते.

शेवटी काळोख्या भिंतीवर काहीतरी. मागच्या कोनाड्यात देवाजवळ समई लावली. पिवळा ठिपका आणि खिडकीचा थंड पांढरा उजेड एकमेकांसमोर आले आणि काळोखाला खोली मिळाली. समई नसेल तर झाकलेला पिवळा बल्ब चालतो. रात्रीच्या प्रसंगात तर हा फ्रेममधला दिवाच सगळ्यात कामाचा. विकत दिवा घ्यायचाच असेल तर वॅट पाहू नका. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९५ च्या पुढचा आहे का ते पाहा. स्वस्त एलईडीत त्वचेचा लालसरपणाच गायब होतो आणि हिरवट झाक उरते.

हवेत किंचित धूर असेल तर उन्हाची तिरीप दिसते. ऊद किंवा धूप थोडा वेळ फिरवून, पंखा बंद करून, धूर पातळ पसरेपर्यंत थांबा. घरात दम्याचं माणूस असेल तर हे अजिबात करू नका.

लेन्स, अंतर आणि तीन थर

मागचं धूसर होणं म्हणजेच सिनेमा असा समज पसरलाय. तो अर्धाच खरा. एपीएस-सी सेन्सरवर (बऱ्याच मिररलेसमधला मधल्या आकाराचा सेन्सर) ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर उघडून माणूस दोन मीटरवर बसवला तर जेमतेम ११ सेंटिमीटर फोकसमध्ये राहतात. तो सुपावर वाकला की गेला. एफ ४ वर तेच २४ सेंटिमीटर होतात, मागचं तरीही पुरेसं मऊ राहतं आणि लेन्सही जास्त स्वच्छ दिसते. मी एफ २.८ ते ४ मध्येच राहतो.

मोबाइलच्या इवल्याशा सेन्सरवर हे होत नाही, आणि यंत्राने केलेला खोटा धूसरपणा केसांच्या कडेला फसतो. तिथे खोली थरांनी आणा. दाराच्या चौकटीतून पाहा. पुढे कळशी किंवा दोरीवरचा पदर, मध्ये माणूस, मागे उजेडाचा दुसरा ठिपका. जुन्या वाड्यांत आणि कोकणातल्या घरांत पडवी, ओटी, माजघर एका रेषेत दिसतात. अशी जागा मिळाली तर कॅमेरा त्या रेषेवर लावा आणि प्रत्येक खोलीत वेगळा उजेड ठेवा. मोबाइलची रुंद लेन्स टाळा, मुख्य लेन्स घेऊन स्वतः पुढेमागे व्हा.

फ्रेममधून वस्तू काढा. हे विनाखर्च होतं आणि लोक तेच करत नाहीत. प्लास्टिकची लाल बादली, कॅलेंडर, चार्जर, पांढरी खुर्ची. डोळा सगळ्यात उजळ आणि सगळ्यात लाल गोष्टीकडे जातो. तिथे तुमचं पात्र असायला हवं.

हालचाल

बहुतेक शॉट स्थिर ठेवा. झूम करू नका, चालत जा. ट्रायपॉडवर पॅन करायचाच, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवायचाच असेल तर एखादी वस्तू फ्रेमच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला किमान सात सेकंद लागली पाहिजेत, नाहीतर २५ फ्रेमवर चित्र अडखळतं. शिवाय साध्या सेन्सरवर वेगवान पॅन केला की खांब तिरके होतात. हातात धरायचं असेल तर पट्टा गळ्यात घालून कॅमेरा पुढे ताणा, कोपर बरगडीला टेकवा. ट्रायपॉडवर असताना इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण बंद. गिंबलचा, म्हणजे कॅमेरा तोलून धरणाऱ्या दांड्याचा, तरंगता शॉट प्रत्येक प्रसंगात आला की सगळी पात्रं भुतासारखी फिरतायत असं वाटतं. पात्र उठलं, वळलं, दाराकडे निघालं तर कॅमेरा निघू दे.

आवाज

चित्र थोडं कमी पडलं तर प्रेक्षक चालवून घेतो, आवाज वाईट असेल तर उठून जातो. माइक तोंडापासून हातभर अंतराच्या आत, कॅमेऱ्यावर कधीच नको. दुसरा मोबाइल आणि त्याला कॉलरचा माइक, एवढ्यानेही चालतं. सुरुवातीला फ्रेमसमोर एक टाळी वाजवा म्हणजे दोन्ही ध्वनिपट्ट्या जुळवता येतात. ४८ किलोहर्ट्झ, आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत सुरू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. प्रत्येक जागेचा तीस सेकंद नुसता शांत आवाज घेऊन ठेवा, संकलनात सांधे बुजवायला लागतो. आत्याच्या प्रसंगात संवाद नव्हताच. तांदूळ सुपात सरकतो तो आवाज मी माइक सुपाच्या काठाशी धरून वेगळा टिपला. त्या शॉटचा निम्मा परिणाम त्या आवाजात आहे.

संकलन आणि रंग

डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरेशी आहे. ती ३८४० बाय २१६० पर्यंत चित्र बाहेर काढते. आधी कार्डाची प्रत दोन ठिकाणी करा. सेकंदाला १०० मेगाबिटने टिपलं तर तासाला सुमारे ४५ जीबी होतात, तेव्हा जागेचा हिशेब आधीच ठेवा.

रंगाचं काम संकलन पक्कं झाल्यावरच, आणि या क्रमाने. प्रत्येक शॉटचा उजेड आणि पांढरा रंग शेजारच्या शॉटशी जुळवा. मग काळा आणि पांढरा कुठे बसवायचा ते ठरवा. काळा पार तळाला दाबू नका, किंचित वर ठेवा. मग त्वचा. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या रंगांच्या गोल आलेखावर, त्वचेची रेघ असते, गोऱ्या-सावळ्या सगळ्यांची त्वचा तिच्याजवळच पडते. नसेल तर शॉटमध्ये कुठलातरी रंग सांडलाय. हे तीन झाल्यावरच शैली, आणि तीही थोडी. रंगाची गडदता एरवीपेक्षा जराशी उतरवली, सावलीला हलकी थंड झाक दिली, इतकंच. इंटरनेटवरून उतरवलेला लट (रंगांचा तयार साचा) थेट चढवला की आत्याची हिरवी साडी निळी आणि तांदूळ नारिंगी होतात. लट वापरायचाच तर तीस टक्के ताकदीवर ठेवा.

सगळ्यात शेवटी बारीक फिल्म ग्रेन, म्हणजे फिल्मसारखे दाणे. त्याने ८ बिटच्या पायऱ्या बुजतात आणि मोबाइलचा प्लास्टिकी गुळगुळीतपणा मोडतो. वरखाली काळे पट्टे टाकून २.३९ ची रुंद चौकट करायची असेल तर तसं चित्रीकरणाआधीच ठरवा. नंतर पट्टे टाकले की डोकी कापली जातात.

बाहेर काढलेली फाइल तीन ठिकाणी पाहा: मोबाइलवर, घरच्या टीव्हीवर आणि कुणाच्यातरी जुन्या लॅपटॉपवर. आत्याचा प्रसंग मी तिच्याच टीव्हीवर लावला. ती पुढे सरकून बसली, दोनदा पाहिला, आणि उजव्या कडेकडे बोट करून म्हणाली, "आपली घोंगडी दिसतेय बघ." खरंच, कडेला बोटभर काळी किनार होती, मला महिनाभर दिसली नव्हती. चित्रीकरण फोर-के मध्ये होतं आणि अंतिम चित्र एचडी, त्यामुळे कडा सहज कापता आली. तो शॉट चार टक्के मोठा केला, आत्याला जरा उजवीकडे सरकवलं आणि फाइल पुन्हा काढली.